बर्फात सांडलेलं कुंकू

कुवेतमध्ये मी बर्फ करायला होतो असं सांगितलं की लोक हसतात. सरबतासाठी का, म्हणून विचारतात. सरबतासाठी नव्हे, माणसांना वर खेळायला. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि जाडीला जेमतेम दीड इंच. बाहेर डांबर मऊ होत असताना आत ते पांढरं पटांगण बारा महिने गोठलेलं ठेवायचं, हे आमचं काम.

बर्फ मला नवीन नव्हता. देवगड बंदरावरच्या कारखान्यात मासळीसाठी लाद्या पाडण्यात मी अकरा वर्षं काढली होती. पत्र्याचा डबा नुसता बोटाने वाजवून आतलं पाणी कुठवर गोठलंय ते मी सांगायचो. एका एजंटाने तेच पाहून मला कुवेतला पाठवलं. तिथे उतरल्यावर इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, माझा धंदा लिहिला गेला ‘आमिल’. मजूर. अकरा वर्षांचा हुन्नर कारकुनाने एका शब्दात धुऊन काढला.

प्रश्न नुसत्या मानाचा असता तर मी गिळलं असतं. पण आमिलला कुटुंब आणता येत नव्हतं. ‘फन्नी’, म्हणजे तंत्रज्ञ, असं लिहिलेलं असेल तर अर्ज करता यायचा. मी घर सोडलं तेव्हा मुलगी वर्षाची होती. नव्वद साल उजाडलं तेव्हा ती पाच वर्षांची झाली होती, आणि मधल्या काळात मी एकदाच, दीड महिना, घरी जाऊन आलो होतो. बायको पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. एका कॅसेटमध्ये ती मुलीला म्हणते, “बोल गो, बाबांका सांग.” आणि पोरगी विचारते, “खंयच्या बाबांका?” कुठल्या बाबांना, म्हणून. पुढे बायको हसल्यासारखं करते आणि बटण बंद होतं. ती कॅसेट मी पुन्हा लावली नाही, पण तिला आणि तिच्या आईला इथे आणायचंच, हे त्याच दिवशी ठरवलं.

जानेवारीत मुदीरने, म्हणजे पटांगणाच्या व्यवस्थापकाने, मला बोलावलं. तो पॅलेस्टिनी, पन्नाशीचा, सलवा भागात राहायचा. आमच्याशी अर्धं अरबी आणि अर्धं मोडकं हिंदी बोलायचा. फेब्रुवारीत पुरुषांची आइस हॉकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती. बाहेरचे चार संघ, पाचवा यजमानांचा. पाहणीला आणि पंच म्हणून एक युरोपियन येणार होता. मालकांचं म्हणणं पडलं की जुना बर्फ पूर्ण वितळवून नवा घालावा, आणि त्यासाठी परदेशातून गोरे बर्फवाले आणावेत. मला हे सांगायचं कारण एवढंच, की गोऱ्यांच्या हाताखाली नळ्या उचलायला मी लागणार होतो.

माझं डोकं लवकर तापतं. बर्फाच्या धंद्यात आयुष्य घालवून त्यात काही फरक पडलेला नाही. मी म्हटलं, “बर्फ मी घालतो. चांगला झाला तर माझ्या इकाम्यावर फन्नी लिहून द्या. नाही झाला तर पुढच्या विमानाने घरी पाठवा.”

मुदीरने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “खेल पूरा होना. आखिरी दिन. फिर कागज.”

म्हणजे पंचाने पास करून भागणार नव्हतं. शेवटचा सामना संपेपर्यंत बर्फ टिकला पाहिजे होता. मी हो म्हटलं.

रिग्गई वस्तीतल्या खोलीत आम्ही चौघे राहायचो, चौघेही कोकणातले आणि चौघांचीही बिऱ्हाडं गावाला. त्यांतला थोरला राजापूरकडचा सुतार. त्याला आम्ही सुतारदादा म्हणायचो. फिंतास भागात बंगल्यांची दारं-खिडक्या करायचा. पटांगणाभोवतीचा लाकडी कठडा दुरुस्त करायला माणूस हवा होता, तेव्हा मी त्याला घेऊन गेलो. पहिल्या दिवशी रबरी चपला घालून आला आणि तिसऱ्या पावलाला खाली बसला.

“ह्येच्यावर माणसा खेळतत?” उठता उठता तो म्हणाला. “तेंका घराकडे काय काम नाय?”

बर्फाचं पटांगण ओतून होत नाही, फवारून होतं. खालच्या सिमेंटमध्ये नळ्या पुरलेल्या असतात, त्यांतून गारठलेलं मिठाचं पाणी फिरतं. वरून पाण्याचा पातळ थर मारायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. असे काही थर झाले की पांढरा रंग, रंगावर लाल-निळ्या रेघा, आणि रेघांवर पुन्हा साध्या पाण्याचे थर. पाणी कोमट घ्यावं लागतं, नाहीतर आत हवा राहून बर्फ दुधाळ होतो. हे मला कुठल्या गोऱ्याने शिकवलेलं नव्हतं. फवारा हातात धरून मागे मागे चालत मी चार दिवस ते पटांगण येरझाऱ्यांनी भरून काढलं.

चौथ्या दिवशी बाहेरून आणलेल्या रंगाऱ्याच्या रेघा मारून झाल्या. आता शेवटचे, वरचे थर द्यायचे होते. आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असो की विहिरीवर पहिली कुदळ मारायची असो, नारळ आणि गाऱ्हाणं झाल्याशिवाय कोणी कामाला हात घालत नाही. आणि मी तर चार वर्षांची आस या बर्फावर लावून बसलो होतो. मी जाहीर केलं, नारळ फुटल्याशिवाय नळ उघडणार नाही.

“भायर दारात फोड,” सुतारदादा म्हणाला.

मी ऐकलं नाही. खेळ आत होणार, मग देवाने दारात उभं राहून काय बघायचं?

दुपारी पटांगण बंद असायचं आणि मुदीर जेवायला घरी जायचा. तेवढ्यात खोलीतले आम्ही चौघे जमलो. गोलच्या लोखंडी खांबावर मी नारळ फोडला. सुतारदादाने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखात तुझ्या लेकरान बर्फ घातलो हा. तेका यश दी. तेच्या बायल-पोरीक सुखरूप हयसर घेवन ये म्हाराजा!” आम्ही तिघे ओरडलो, “व्हय म्हाराजा!” रिकाम्या पटांगणात तो आवाज छपराला लागून परत आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी थंडीवर ढकललं.

मग मी नारळाचं पाणी गोलभोवती शिंपडलं आणि खांबाला कुंकू लावलं. चिमूट जरा जास्तच भरली होती. उरलेलं तिथेच झटकलं आणि फवारा सुरू केला. कोमट पाण्याची वाफ उठते, तिच्यात खालचं फारसं दिसत नाही. एकावर एक चार थर चढवून मी समाधानाने घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर गोलसमोर परातीएवढा गुलाबी डाग.

कुंकू पाण्यात विरघळून लाल रेघेच्या दोन्ही अंगांना पसरलं होतं आणि वर चार थर देऊन मी त्याला पक्कं कोंडलं होतं. त्यात जिथे नारळाचं पाणी सांडलं होतं, तिथला बर्फ नखाने उकरला तर भुसभुशीत. नारळाचं पाणी साध्या पाण्यासारखं गोठत नाही, हे अकरा वर्षं बर्फ पाडणाऱ्या माणसाला कळायला नको? बरं, डाग कडेला कुठे असता तर खपून गेला असता. या खेळात चेंडूच्या जागी रबरी चकती असते, ती दोन खांबांमधल्या लाल रेघेच्या पार पूर्ण गेली तरच गोल धरतात. माझ्या रेघेची कड कुठे आहे तेच दिसत नव्हतं. आणि पंच पाहणीला त्याच दिवशी चार वाजता येणार होता.

कठड्याला शेवटचे खिळे ठोकत असलेल्या सुतारदादाला मी हाक मारली. त्याने डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “सांगलेला तुका, भायर फोड,” एवढंच म्हणाला. मग हत्यारांची पेटी घेऊन आला आणि गुडघ्याखाली गोणपाट घालून बसला.

मुदीर एक वाजता जेवायला गेला तशी आम्ही सुरुवात केली. आधी पटाशीने डागाच्या भोवती चौकोन आखून घेतला. मग सुतारदादाने बर्फावर रंधा धरला. लाकडाचे निघतात तसे बर्फाचे गुलाबी छिलके निघायला लागले. मी ते हातांनी बादलीत भरत होतो. अर्ध्या तासात बोटं कुणाची आहेत ते कळेना. डाग खालच्या पांढऱ्या रंगापर्यंत उतरला होता, तेव्हा रंगही खरवडावा लागला. सिमेंट दिसायला लागलं तेव्हा माझा धीर सुटला. मी सुतारदादाला म्हटलं, संपलं, मी चाललो घरी.

“लाकूड असा समज,” मान वर न करता तो म्हणाला. “लाकडाक ठिगळ मारतत काय नाय?”

मग मीही हट्टाला पेटलो. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायचा हातफवारा घेतला आणि चुळीएवढं पाणी मारून फुंकर घालत थर धरवले. पांढरा रंग दिला, तो गोठवला. सुतारदादाने सुतळी लाल रंगात बुडवली, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत ताणली आणि मधोमध उचलून सोडली. रेघेची एक कड उमटली. तशीच दुसरी. मधला भाग मी पोटावर पालथा पडून कुंचल्याने भरला. त्यावर पुन्हा पाणी, पुन्हा पाणी. पावणेचारला मी उठलो तेव्हा सदऱ्याची बटणं बर्फाला चिकटून तिथेच राहिली होती. ती उचकटून काढली आणि त्या जागी आणखी दोन थर मारले.

पंच आला. ताडमाड उंच, गालांवर उन्हाची लाली. त्याने छोट्या गिरमिटाने जागोजागी भोकं पाडून जाडी मोजली, बूट चढवून दोन चकरा मारल्या. आमच्या गोलसमोर आला आणि थांबला. हातातल्या काठीचं टोक दोनदा आपटलं. मग पलीकडच्या गोलकडे जाऊन तिथेही आपटलं आणि मुदीरला काहीतरी सांगितलं. मुदीर त्या पलीकडच्या गोलकडे बोट दाखवत माझ्याकडे वळला. “वो बोलता, इधर का बर्फ थोडा खराब. उधर जैसा बनाओ.”

सुतारदादा छपराकडे बघत राहिला. मी दुसऱ्या गोलसमोरही रंधा मारून घेतला. बर्फ पास झाला.

घरी जाताना सुतारदादा म्हणाला, मुदीरला खरं सांगून टाक. मी म्हटलं, शेवटच्या दिवसानंतर. उगाच तोंडाशी आलेला घास कशाला घालवायचा?

ती स्पर्धा मी पहिल्या शिटीपासून बघितली, पण कुणी कुणाला किती गोलांनी हरवलं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी फक्त बर्फ बघत होतो. बाकी लोक चकतीच्या मागे माना वळवायचे, आणि मी बुटांच्या पात्याने कुठे खपली निघाली ते बघायचो. त्या पात्याने बर्फ कापल्याचा आवाज आला की मी ती जागा मनात टिपून ठेवायचो. खेळ थांबला की बादली आणि फावडं घेऊन पळायचो. चिलखत घातलेले ते दांडगे पुरुष एकमेकांना कठड्यावर धाडकन आपटायचे, तेव्हा सुतारदादाचा जीव कठड्यात अडकलेला असायचा. “फोडल्यानी मेल्यांनी,” असं म्हणून तो प्रत्येक वेळी बघून यायचा. कठडा टिकला. बर्फही टिकला.

शेवटच्या सामन्यात यजमान आणि एक थंड मुलखातला संघ बरोबरीत होते. खेळ संपायला थोडकाच वेळ उरला असताना यजमानांच्या एका गड्याने चकती हाणली. ती गोलरक्षकाच्या पायाला लागली आणि घसरत घसरत आमच्या, म्हणजे आम्ही ठिगळ मारलेल्या, रेघेवर येऊन थांबली. गोल झाला म्हणून अख्खं पटांगण उभं राहिलं. पंच गुडघ्यावर बसला, वाकून बघितलं आणि हात आडवे केले. गोल नाही.

मग जो गोंधळ माजला तो विचारू नका. यजमानांचा कप्तान रेघेवर काठी आपटत होता. रेघेच्या मधल्या भागाचा लाल रंग बाजूच्या रंगापेक्षा जरासा गडद होता, ते त्याच्या बरोब्बर लक्षात आलं होतं. इथे कुणीतरी नंतर हात मारलाय, रेघ वाकडी आहे, असं त्याचं म्हणणं. पंचाने मुदीरला बर्फावर बोलावलं. मुदीरने मला.

“ये लाइन कौन बनाया?”

रेघा मूळ ज्या रंगाऱ्याने मारल्या, त्याच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. तो कधीच दुसऱ्या कामावर निघून गेला होता. मला बायको दिसली, मुलगी दिसली, कागद दिसला. पण त्या रेघेवर मी पालथा पडलो होतो. ती वाकडी आहे असं कुणी म्हणावं आणि मी गप्प बसावं, ते मला जमेना.

“मी,” मी म्हटलं. “खराब झाली होती, माझ्याच हातून. पुन्हा मारली. सरळ आहे.”

मुदीरचा चेहरा उतरला. एवढ्यात कठड्याचं दार उघडून सुतारदादा बर्फावर आला. तेच रबरी चपलेतले पाय, पण या वेळी फरफटत, एकदाही न पडता. हातात सुतळी. कुणाला काही न विचारता तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन पलीकडच्या कठड्यापर्यंत गेला. आम्ही सुतळी ताणून रेघेच्या कडेवर धरली. कप्तान काठी उचलून बाजूला झाला. पंच कमरेत वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकत गेला. सुतळी आणि रेघ यांत केसाचीही फट नव्हती. त्याने पुन्हा हात आडवे केले. उरलेला खेळ झाला, त्यात गोल पलीकडच्यांनी केला आणि यजमान हरले.

संध्याकाळी मुदीरने मला खोलीत घेतलं आणि दार लावलं. रेघ खराब कशी झाली, असं विचारलं. मी नारळापासून सगळं सांगितलं. मारलं तर मारू दे, असं धरून बसलो होतो. तो कपाळाला हात लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला ते असं, की आमच्या गावी नवीन घर बांधलं तर बकरा कापतात, पण उंबऱ्याच्या बाहेर. तुमच्यात कुणाला एवढीही अक्कल नव्हती का? मी म्हटलं, एकाला होती, मी ऐकलं नाही.

मग त्याने खण उघडून फॉर्म काढला. “आखिरी दिन खलास,” तो म्हणाला. “कागज कल.”

मी रिग्गईतच वेगळी खोली घेतली, आणि दोघी जूनमध्ये आल्या. विमानतळावर मुलगी आईच्या पदरामागे उभी होती. दुसऱ्याच दिवशी तिला पटांगण दाखवायला नेलं, तर तिने खाली बसून बर्फ चाटून पाहिला आणि गोड नाही म्हणून तोंड वाकडं केलं. आठवड्याभराने ती माझ्या ताटातलं खायला लागली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेला इराकी सैन्य शिरलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. महिनाभर खोलीत कोंडून काढला आणि मग मिळेल त्या बसने इराकमार्गे जॉर्डनच्या सीमेवर पोचलो. वाळूत तंबू, दिवसा भट्टी आणि पाण्याला रांग. मुलीच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. ज्या कागदासाठी मी बर्फावर पालथा पडलो, त्याच कागदाने या दोघींना लढाईत आणून बसवलं होतं. देवगडला असत्या तर नारळाच्या सावलीत असत्या. एकदा न राहवून बायकोला म्हटलं, “माझा चुकला.” ती मुलीकडे वळली आणि तिच्या ओठांना पदराचं ओलं टोक लावायला लागली. मी समजलो, ती रागावली आहे, आणि तो राग वाजवी आहे.

विमानाची यादी करायला आपला एक अधिकारी आला. टेबलाशी आमची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, औरतें और बच्चे आगे, मर्द बाद में. बाद में म्हणजे कधी, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी पिशवी बायकोच्या हातात दिली. “पोरीक घेवन तू जा. मी मागसून येतंय.”

तिने पिशवी घेतली, टेबलासमोरच वाळूत ठेवली आणि तिच्यावर बसली. मुलीला मांडीवर घेतलं.

“मागसून, मागसून म्हणान चार वर्सां काढलात,” ती म्हणाली. “आता नाय. तिघांका जागो असात तेवा तिघांय जावया. तेंका सांगा, आमची नावां खाली लिवा.”

अधिकारी वैतागला, मागचे लोक ओरडायला लागले. ती उठली नाही. मी अधिकाऱ्याला म्हटलं, तिघांची नावं खाली लिहा. मग तिच्या शेजारी वाळूत बसलो, आणि रांग आम्हाला वळसा घालून पुढे सरकायला लागली.